हॅश आहे, पण कोणत्या पद्धतीचा?

फर्दापूरच्या तिठ्यावरचा हॉटेलमालक असो, अजिंठा गावातला मोबाइल दुकानदार असो की सिल्लोडच्या न्यायालयात नुकतीच वकिली सुरू केलेला तरुण असो, हॅश हा शब्द आता या सगळ्यांच्या कागदांत येऊ लागला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे सीसीटीव्हीचं फुटेज, मोबाइलमधलं रेकॉर्डिंग किंवा फोटो यांची प्रत पुरावा म्हणून द्यायची, तर सोबत प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिलेला आहे. भाग ‘अ’ रेकॉर्ड सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्ही भागांत एक मजकूर सारखाच येतो: या रेकॉर्डचा हॅश अमुक आहे आणि तो पुढील पद्धतीने काढला आहे. त्यापुढे चार पर्याय आहेत: एसएचए१, एसएचए२५६, एमडी५ आणि इतर. हॅशचा अहवालही जोडायचा असतो.

हॅश आपणच नुकताच काढला असेल, तर योग्य पर्यायावर खूण करायला क्षणही लागत नाही. अडचण होते ती जुन्या कागदांची. पंचनाम्यात किंवा पेनड्राइव्हच्या पाकिटावर एक लांबलचक ओळ लिहिलेली असते, खाली सही असते, पण ती ओळ कोणत्या पद्धतीने काढली याचा उल्लेखच नसतो. ज्याने काढली तो अधिकारी बदलून गेलेला असतो. अशा अनोळखी हॅशची ओळख कशी पटवायची, ते इथे सांगतो.

आधी थोडं मूळ समजून घेऊ. फाइल चार ओळींची असो की चार तासांच्या चित्रीकरणाची, ठरलेल्या गणिती रीतीतून तिचं ठरावीक लांबीचं मूल्य निघतं. तेच हॅश. फाइलमधला एक बिट बदलला तरी मूल्य ओळखू न येण्याइतकं बदलतं, आणि मूल्यावरून फाइल परत घडवता येत नाही. कागदावर ते बहुधा सोळा चिन्हांत लिहिलं जातं: शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजी ए ते एफ ही अक्षरं. प्रत्येक चिन्ह ४ बिटांचं. म्हणून १२८ बिटांच्या हॅशला ३२ चिन्हं लागतात आणि २५६ बिटांच्या हॅशला ६४. पुढचं सगळं या हिशेबावर उभं आहे.

त्याआधी, डिजिटल पुराव्याच्या कागदपत्रांना एवढं महत्त्व का, ते पाहू. त्यांच्यावरून निवडणूक रद्द होण्यापर्यंत वेळ आलेलं प्रकरण मराठवाड्यातलंच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ ची मुदत उलटल्यावर स्वीकारले गेले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडी हा पुरावा होता, पण तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र मागूनही मिळत नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी न्या. रोहिंटन नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. व्ही. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने निकाल दिला. मूळ यंत्र न्यायालयात आणलं नसेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही, असं पीठाने स्पष्ट केलं. मात्र ज्याने प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सारं केलं, त्याला दुसऱ्याच्या नकाराची शिक्षा नको, अशी भूमिका घेऊन खोतकरांचं अपील फेटाळण्यात आलं. देशभरच्या न्यायालयांत आज या निकालाचा दाखला दिला जातो. त्या काळच्या कलम ६५ब मध्ये हॅशचा उल्लेखही नव्हता. आता कायदा हॅश मागतो आणि त्याच्या पद्धतीचं नावही मागतो. म्हणून हा विषय तंत्रज्ञांवर सोपवून मोकळं होता येणार नाही.

ओळख पटवण्याआधी ओळ नीट उतरवून घ्या. निम्म्याहून जास्त घोटाळे इथेच होतात, असं माझं ठाम मत आहे. पीडीएफमधून उचललेली ६४ चिन्हांची ओळ दोन ओळींत तुटते आणि ३२ चिन्हांचे दोन हॅश असल्याचा भास होतो. स्कॅन केलेल्या कागदावरून संगणकाने अक्षरं वाचली असतील, तर इंग्रजी बी आणि आठ यांची अदलाबदल होते. ओ किंवा एल हे अक्षर दिसलं, तर ते बहुतेक शून्य आणि एक असणार, कारण या सोळा चिन्हांत ओ आणि एल नाहीतच.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे, जो इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. पंचनामा मराठीत, हाताने लिहिला जातो. लिहिणारा ओघात हॅशमधले अंकही देवनागरीत उतरवतो. देवनागरी १ चा आकार इंग्रजी नऊसारखा असतो आणि देवनागरी ४ चा इंग्रजी आठसारखा. एकाच ओळीत दोन्ही लिप्यांचे अंक मिसळले, तर नंतर वाचणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. म्हणून हाताने लिहिलेला हॅश पडताळून जुळला नाही, तर फाइलवर संशय घेण्याआधी या दोन जोड्या उलटसुलट करून पाहा. आणि स्वतः लिहिताना हॅश फक्त इंग्रजी अंकांत लिहा, चार-चार चिन्हांचे गट पाडा, शक्य असेल तर छापील अहवालच चिकटवा.

ओळ स्वच्छ झाली की चिन्हं मोजा. ८ चिन्हं असतील, तर ती बहुधा सीआरसी३२ ही साधी बेरीज-तपासणी. ती अपघाती बिघाड पकडते, मुद्दाम केलेला बदल पकडायच्या कामाची नाही. ३२ चिन्हं म्हणजे सहसा एमडी५, जी रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये रचली. ४० चिन्हं म्हणजे सहसा १९९५ ची एसएचए१. ५६, ६४, ९६ आणि १२८ चिन्हं ही एसएचए२ कुटुंबातल्या २२४, २५६, ३८४ आणि ५१२ बिटांच्या भावंडांची. यांतली ६४ चिन्हांची एसएचए२५६ आज सर्वांत जास्त भेटते.

ओळीत एफच्या पुढची अक्षरं, लहान-मोठी लिपी मिसळलेली, अधिक किंवा तिरकी रेघ आणि शेवटी बरोबरची खूण दिसली, तर ते बेस६४ लेखन. तिथे लांबी वेगळी पडते: एमडी५ ची २४, एसएचए१ ची २८, एसएचए२५६ ची ४४, एसएचए५१२ ची ८८. एसएचए३८४ मात्र बेस६४ मध्ये बरोबर ६४ चिन्हांची होते आणि तिच्या शेवटी बरोबरची खूणही नसते. नुसती लांबी मोजणारा माणूस तिला एसएचए२५६ समजून बसेल. म्हणून लांबीबरोबर अक्षरंही बघा.

एवढ्यावर बरेच जण थांबतात, आणि माझा आक्षेप नेमका यावर आहे. लांबी उमेदवारांची यादी देते, निवाडा देत नाही. ३२ चिन्हं एमडी४ चीही असतात, आणि विंडोजच्या पासवर्डसाठी वापरला जाणारा एनटीएलएम हॅशही ३२ चिन्हांचाच. ४० चिन्हं रायपएमडी१६० चीही. ६४ चिन्हांच्या रांगेत एसएचए२५६ शेजारी २०१५ ची एसएचए३, ब्लेक२एस आणि चीनची एसएम३ उभ्या असतात. चांगल्या हॅशची चिन्हं विखुरलेलीच असतात, त्यामुळे एकाच लांबीच्या दोन ओळींकडे नुसतं पाहून पद्धत सांगणं कुणालाही शक्य नाही. हॅशआयडी, नेम-दॅट-हॅश यांसारखी साधनं मिळतात. ती कामाची आहेत, पण लांबी, अक्षरं आणि सुरुवातीच्या खुणा बघून संभाव्य नावांची यादी देण्यापलीकडे तीही जात नाहीत. यादीतलं पहिलं नाव म्हणजे उत्तर नव्हे.

दिसण्यावरून ओळख पक्की केली की काय होतं, याचा दाखला अजिंठ्यातच आहे. पहिल्या लेण्यातल्या एका राजदरबाराच्या चित्रात टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक राजासमोर नजराणा घेऊन आलेले दिसतात. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी पेहरावावरून सांगितलं, की हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि हे इराणच्या दुसऱ्या खुस्रोचे वकील. नाव चिकटलं आणि पुस्तकापुस्तकांतून फिरलं. पण पुलकेशी सातव्या शतकातला, आणि वॉल्टर स्पिंक यांच्या कालगणनेप्रमाणे हे लेणं पाचव्या शतकातलं. आजूबाजूची चित्रं कथांची आहेत हे ध्यानात घेऊन अभ्यासकांनी हे दृश्य महासुदर्शन राजाच्या कथेशी जोडलं. पेहराव खरा होता, निष्कर्ष चुकला, कारण शेजारच्या भिंती वाचल्याच नव्हत्या. हॅशच्या बाबतीत शेजारच्या भिंती म्हणजे तो ज्या कागदावर, ज्या फाइलमध्ये, ज्या यंत्रात सापडला ते सगळं.

त्या संदर्भातून बरंच कळतं. हॅश विंडोजवर काढलेला असेल, तर बहुधा सर्टयुटिल किंवा पॉवरशेल यांपैकी एकाने. सर्टयुटिलला पद्धतीचं नाव दिलं नाही तर ते आपणहून एसएचए१ वापरतं. पॉवरशेलची फाइल-हॅश आज्ञा आपणहून एसएचए२५६ वापरते आणि उत्तर मोठ्या लिपीत देते. जुन्या विंडोज ७ वरचं सर्टयुटिल दोन-दोन चिन्हांमध्ये मोकळी जागा सोडायचं. लिनक्सवरच्या अहवालात आधी हॅश, मग दोन जागा सोडून फाइलचं नाव असतं. म्हणजे अहवालाच्या मांडणीवरूनही तो कोणत्या साधनाने तयार झाला याचा अंदाज येतो. सोबत पडलेल्या फाइलचं नाव, तिचं एक्स्टेंशन, पाकिटावरचा वर्ष-महिना, प्रयोगशाळेच्या पत्रातला उल्लेख, हेही सगळं वाचा.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. मूळ फाइल हाताशी असेल, तर अंदाज बांधत बसू नका, हॅश पुन्हा काढा. सामान्य वाचकासाठी सोपा मार्ग म्हणजे सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर. फाइलवर उजवी क्लिक केली की सीआरसी-एसएचए असा पर्याय येतो. संगणकावर काही नवं घालायचं नसेल, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, मग हायफनसह हॅशफाइल, मग फाइलचं नाव आणि शेवटी पद्धतीचं नाव असं इंग्रजीत लिहा. एमडी५, एसएचए१ आणि एसएचए२५६ या तिन्हींची उत्तरं कागदावरच्या ओळीशी ताडून पाहा. लहान-मोठ्या लिपीचा फरक मोजू नका. एखादी जुळली, तर एका फटक्यात दोन गोष्टी सिद्ध होतात: पद्धत कोणती ते कळलं आणि फाइल बदललेली नाही हेही. ३२ चिन्हंसुद्धा योगायोगाने जुळणं व्यवहारात घडत नाही.

जुळलीच नाही तर? तेव्हा ‘फाइलमध्ये छेडछाड झाली’ असं लगेच म्हणू नका. पद्धत वेगळी असू शकते, किंवा हॅश दुसऱ्याच गोष्टीचा असू शकतो. झिप फाइलचा हॅश आणि तिच्या आतल्या व्हिडिओचा हॅश वेगळे. एका फाइलचा हॅश आणि संपूर्ण पेनड्राइव्हचा हॅश वेगळे. न्यायसहायक तपासणीत डिस्कची प्रतिमा अनेकदा ई०१ या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवतात. तिच्या आत नोंदलेला हॅश मूळ डिस्कवरच्या माहितीचा असतो. ती ई०१ फाइल उचलून तुम्ही तिचाच हॅश काढला, तर तो कधीच जुळणार नाही आणि तरीही काहीही बिघडलेलं नसेल. या एका गोष्टीवरून न्यायालयात व्यर्थ वाद होऊ शकतो.

फोटोंबाबत विशेष सावध राहा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला, तर तो पुन्हा दाबून लहान केला जातो. डोळ्यांना फरक दिसत नाही, हॅश मात्र पूर्ण वेगळा येतो. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी जाते. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधलं फुटेज त्याच्या स्वतःच्या प्रकारात बाहेर येतं आणि मग सोयीसाठी एमपी४ केलं जातं. हॅश रूपांतराच्या आधी काढायचा, नंतर नव्हे. आणि दिरंगाई नको, कारण डीव्हीआरची डिस्क भरली की जुन्या चित्रीकरणावर नवं चढतं.

नुसतं पाहून पद्धत कळत नाही, याला काही मोजक्या ओळींचा मात्र अपवाद आहे. डी ४१ डी ८ सी डी ९८ एफ अशी सुरुवात असेल, तर ते रिकाम्या फाइलचं एमडी५ आहे. डी ए ३९ ए ३ ई ई अशी असेल तर रिकाम्या फाइलचं एसएचए१. ई ३ बी ० सी ४४२ अशी असेल तर रिकाम्या फाइलचं एसएचए२५६. पद्धत बिनचूक कळली, पण बातमी वाईट: हॅश काढताना फाइलमध्ये काहीच नव्हतं, कॉपी फसली होती. पुराव्याच्या अहवालात यांतली सुरुवात दिसली, तर मूळ यंत्र अजून उपलब्ध आहे का, हे त्याच दिवशी विचारा.

हे सारं पोलीस-न्यायालयापुरतं नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, आणि जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कला विद्यार्थ्यांकडून करून घेतलेल्या अनेक प्रती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत. आज लेण्यांची छायाचित्रं आणि स्कॅन अनेक अभ्यासकांच्या, छायाचित्रकारांच्या हार्ड डिस्कवर आहेत. रंगाचा एखादा पोपडा उद्या गळून पडला, तर तो होता याची नोंद त्या फाइलींतच उरेल. अशा संग्रहासोबत हॅशची यादी ठेवणारे काही जण आहेत, पण यादीच्या डोक्यावर पद्धतीचं नाव आणि तारीख लिहिणारे फारच थोडे. यादीच्या फाइलच्या नावातच एसएचए२५६ घाला. पुढच्या पिढीला लांबी मोजत बसावं लागणार नाही.

पासवर्डचे हॅश हा निराळा प्रांत आहे. तुमच्या लॉजच्या किंवा संस्थेच्या जुन्या संकेतस्थळाचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवताना ते भेटतात. इथे बहुतेक वेळा ओळीची सुरुवातच नाव सांगते. डॉलर, २वाय किंवा २बी, पुन्हा डॉलर अशी सुरुवात आणि एकूण ६० चिन्हं म्हणजे बीक्रिप्ट. डॉलर-६-डॉलर म्हणजे लिनक्सची एसएचए५१२-क्रिप्ट, डॉलर-वाय-डॉलर म्हणजे यसक्रिप्ट. डॉलर-पी-डॉलर हा वर्डप्रेसचा जुना प्रकार. २०२५ मधल्या ६.८ या आवृत्तीपासून वर्डप्रेसही बीक्रिप्टकडे वळलं. तारांकन आणि पुढे मोठ्या लिपीतली ४० चिन्हं म्हणजे मायएसक्यूएल. सुरुवातीला कसलीच खूण नसलेली, उघडी ३२ चिन्हं पासवर्डच्या रकान्यात दिसली, तर ती पद्धत कोणतीही असो, आजच बदलायला हवी, कारण ‘मीठ’ (सॉल्ट), म्हणजे पासवर्डला जोडायची वेगळी चिन्हं, न घातलेले असे हॅश फोडायला फार थोडा वेळ लागतो. आणि अनोळखी हॅश ओळखण्यासाठी कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका. पासवर्डचा हॅश तिथे देणं म्हणजे पासवर्डच धोक्यात घालणं. दुसऱ्याच्या डेटाबेसमधले हॅश परवानगीशिवाय काढले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

‘ओळख पटली, पण ती एमडी५ निघाली, आता पुरावा बाद का?’ असं वकील मंडळी विचारतात. २००४ मध्ये चिनी गणितज्ञ शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाइली दाखवल्या. २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी एसएचए१ च्या बाबतीत तेच करून दाखवलं. पण त्यात दोन्ही फाइली घडवणारा एकच होता. दुसऱ्या कुणाची आधीच हॅश झालेली फाइल घेऊन तिच्याशी जुळणारी बनावट फाइल घडवणं अजून व्यवहारात कुणाला साधलेलं नाही. त्यामुळे जप्तीच्या वेळी काढलेला जुना एमडी५ निरुपयोगी ठरत नाही. नव्या कामात मात्र एसएचए२५६ च वापरा. अनुसूचीत एमडी५ चा पर्याय आहे म्हणून तो निवडण्याचं कारण नाही.

सगळं करूनही जुन्या ओळीची पद्धत कळली नाही, तर प्रमाणपत्रात अंदाजाने खूण करू नका. ज्या स्थितीत फाइल आज तुमच्या हाती आहे तिचा एसएचए२५६ काढा, त्या पर्यायावर खूण करा, हॅशचा अहवाल जोडा. अहवालावर तारीख, वेळ, वापरलेल्या सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती लिहा. जुनी ओळ एकही चिन्ह न सुधारता वेगळ्या परिच्छेदात उतरवा, ती कोणत्या कागदावर, कुणाच्या सहीखाली सापडली ते नोंदवा, आणि कोणकोणत्या पद्धती ताडून पाहिल्या व जुळल्या नाहीत त्यांची नावंही तिथेच द्या.